उजव्या कोपऱ्यातलं टिंब

प्रिय शंकेखोर,

पत्राचं कारण पहिल्याच ओळीत सांगून टाकायची पद्धत आहे. मी ते शेवटी सांगणार आहे. तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. तू पुस्तक हातात घेतलंस की आधी ते उलटंपालटं करतोस, बांधणी कुठे सैल आहे, कोपरे कुठे दुमडलेत हे चाचपतोस, आणि मग कुठे पहिल्या ओळीवर बोट ठेवतोस. या वेळी जरा धीर धर. 'धीर धर' हे आजवर तू मला सांगत आलास. आज मी तुला सांगतेय, त्यावरून माझा दिवस कसा चाललाय याचा अंदाज घे.

आज छापखान्याला सुट्टी. व्यवस्थापकांकडून किल्ली मागून घेतली आणि सकाळपासून मशीनच्या खोलीत एकटी बसलेय. समोर वजनकाट्यावरून आणलेला तो जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर जुनी सिस्टीम पुन्हा पहिल्यापासून चढतेय, आणि मी मांडीवर पुठ्ठा घेऊन कालच्या वाया गेलेल्या पानांवर पेन्सिलीने हे लिहितेय. पानांवर टिंबं उठलेली, त्यामुळे पेन्सिल दर शब्दाला ठेचकाळते. पेन्सिलीने लिहिलेलं माझ्या काय कामाचं, असं तू म्हणशील. त्याचीही सोय शेवटी आहे. उद्या सकाळी टेम्पो येईल. तोवर मशीन चालू झालं तर टेम्पो रिकामा परत जाईल. नाही झालं तर मशीन भंगारात, ब्रेल पुस्तकांचं सगळं काम त्या दुसऱ्या शहरातल्या मोठ्या छापखान्याकडे, आणि कामाच्या पाठोपाठ तू. त्यांनी तुला जागा देऊ केली आहे आणि तुलाही उद्याच हो की नाही ते कळवायचं आहे. हे मला तुझ्या तोंडून कळलं नाही, तुझ्याशेजारी बसून वाचणाऱ्या काकूंकडून कळलं. असो. 'असो' लिहिलं की विषय संपतो म्हणतात. माझा संपला नाही.

मध्येच उठून स्क्रीन बघून आले. फायली उतरताहेत. ही सिस्टीम चढताना 'अजून इतकी मिनिटं' असं कडेला सांगत राहते आणि बिनदिक्कत थापा मारते. एकच मिनिट उरलंय म्हणते आणि त्या एका मिनिटात माणसाचा चहा होतो, कप विसळून होतो, खिडकीच्या गजांवरची धूळ पुसून होते, तरी ते मिनिट जागचं हलत नाही. वर चित्रं दाखवते. हसऱ्या चेहऱ्याची माणसं आणि तुमचं काम आता किती सोपं होणार याची ग्वाही. इतकी वर्षं ही ग्वाही वाचतेय. सोपं काहीच झालं नाही, पण त्या माणसांचं हसू काही कमी होत नाही. खिडकीचे गज आज दोनदा पुसून झालेत.

काल संध्याकाळी व्यवस्थापकांनी मला समोर बसवून विचारलं, अहो, एवढा जीव काढण्यापेक्षा बाजारातून एक नवा कॉम्प्युटर आणून जोडून का टाकत नाही? विचारलं चांगल्या मनानेच. मी म्हटलं, साहेब, टिंबं उठवणारं हे मशीन ज्या कार्डावर चालतं ते कार्ड जुन्या लांब खाचेतच बसतं आणि तशी खाच आता कुठल्याही नव्या कॉम्प्युटरला नसते. शिवाय कार्डाचा प्रोग्राम या जुन्या सिस्टीमशिवाय कोणाशी बोलत नाही. नव्या सिस्टीमवर टाकला तर उघडतसुद्धा नाही, तोंड फिरवून बसतो. बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला, त्यामुळे विचारायला जायचं कुठे हाही प्रश्न नाही. मशीन अजून ठणठणीत आहे, मधला दुभाषा तेवढा म्हातारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, टेम्पो मी सांगून बसलोय, तो यायच्या आत काय ते करा. बिचाऱ्यांचा इलाज नाही. शाळांची पुस्तकं अडकून पडली आहेत, मुलं वाट बघताहेत, आणि माझ्या हट्टासाठी मुलांना ताटकळत ठेवायला मीही तयार नाही.

तुला आठवतं का, मी पहिल्यांदा आले तेव्हा तू काय केलंस? मी मशीन दुरुस्त करून बाराखडीचं पान काढलं आणि मोठ्या ऐटीत तुझ्या टेबलावर ठेवलं. तू बोट एकदा सगळ्या ओळींवरून फिरवलंस, खणातून टोचायची सळई काढलीस, पान उलटं केलंस आणि कोपऱ्यात दोनदा टोचून माझ्यापुढे सरकवलंस. मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणजे मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवण्याचं काम करणाऱ्या. त्या वाचतात आणि तू छापलेल्या पानावरून बोट फिरवत चुका पकडतोस. त्यांनी मला समजावलं की चाचणीच्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक टिंब म्हणजे पान बरोबर, छपाईला घ्या. दोन टिंबं म्हणजे पुन्हा करा. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. मी विचारलंही आणि घातलाही. तू म्हणालास, तिसऱ्या ओळीत एक टिंब बसकं आहे. मी दिवा आडवा धरून बघितलं तर मला सगळी सारखीच दिसली. तू जन्मापासून डोळ्यांनी काही बघितलेलं नाहीस आणि मी जन्मापासून हातांनी काही नीट बघितलेलं नाही, त्यामुळे पहिले काही महिने आपली जुंपलेलीच असायची. तुझं वाचून व्हायच्या आत मी पान ओढून घ्यायची म्हणून तू मला 'घाई' म्हणायला लागलास आणि बरोबर असलेलं पानसुद्धा तू पुन्हा चाचपायचास म्हणून मी तुला 'शंकेखोर'. खरी नावं आता तुझ्या पगाराच्या आणि माझ्या बिलाच्या दिवशीच ऐकू येतात.

त्या बाराखडीवरून तू मला किती बोललास. प्रत्येक दुरुस्तीनंतर तेच पान, तेच क का कि की. एकदा तू चिडून म्हणालास, अगं, बाराखडीत चूक कळतच नाही, पुढचं अक्षर काय येणार हे मला आधीच माहीत असतं आणि बोट ते आपल्या मनानेच वाचून मोकळं होतं. मला माहीत नसलेलं काहीतरी छापून दे, तरच तुझ्या मशीनची परीक्षा होईल. मी म्हटलं, तुला माहीत नसलेलं मी कुठून आणू, तुला तर सगळंच माहीत असतं. काकू खूप हसल्या होत्या. मी पुढच्या वेळीही बाराखडीच छापली.

सिस्टीम बंद होऊन पुन्हा चालू झाली. आता ती परवान्याचा तो लांबलचक क्रमांक मागतेय. सीडीच्या डबीवरचं लेबल इतकं झिजलंय की आठ की बी हे भिंग लावूनही कळत नाही. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा घेतलं. बोटं मोडत खोलीत चार फेऱ्या मारल्या. तू असतास तर पावलांवरून ओळखलं असतंस आणि म्हणाला असतास, बस खाली, फरशी झिजेल.

ज्या दिवशी इथल्या आधीच्या कॉम्प्युटरने डिस्कसकट मान टाकली तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. फोन तूच केलास. म्हणालास, आतून कोणीतरी दार वाजवतंय असा आवाज येतोय. मी आले, ऐकलं आणि समजले की आता यातून काही उठत नाही. व्यवस्थापक, काकू, बांधणीवाल्या बाई सगळे चहाला गेले. तू वाया गेलेल्या पानाची सुरळी करत बसला होतास. ती सुरळी उलगडायची, पुन्हा करायची, असं चाललं होतं तुझं. आणि मध्येच तू विचारलंस, हे मशीन नसतं तर तू इथे आली असतीस का? इतकंच. आवाजही चढवला नाहीस, उतरवला नाहीस. आणि मी काय केलं? म्हटलं, थांब हं, मला केबल आणायची आहे, आणि निघाले ती तडक. त्या दिवशी परत आलेच नाही. केबल माझ्या खांद्यावरच होती. तुला ती दिसली नाही, पण काकू दारातून आत येत होत्या, त्यांनी बघितली. त्यानंतर काकू माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागलीय. लांब खाचेचा कॉम्प्युटर शोधायला मी दातांच्या डॉक्टरांच्या माळ्यावर चढले, नाटकाच्या दिवेवाल्याचं गोदाम उपसलं आणि शेवटी शहराबाहेरच्या वजनकाट्यावर पोचले. काटेवाला माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या टेबलाखाली जुना कॉम्प्युटर होता आणि तो त्यावर पाय ठेवून बसायचा. पाय काढ म्हटल्यावर त्याने काढले. झाकण उघडलं, आत धुळीचा गालिचा, पण लांब खाच शाबूत. मी खूश होऊन धूळ झटकत असताना तो म्हणाला, ताई, आमच्याकडे तुम्ही सगळं मेल्यावर येता, आणि त्या छापखान्यात म्हणे सगळं जिवंत असतानाही जाता. मी म्हटलं, त्यांचं मशीन फार नाजूक आहे. तो म्हणाला, असेल बुवा. आणि चहाच्या कपात बघून हसला. सगळ्या गावाला जे दिसतं ते मला तेवढं दिसू नये, याचा मला त्या वेळी फार राग आला. राग काटेवाल्यावर काढला. धुळीवरून त्याला नको तितकं बोलले.

घरीही तेच. मी तुमची टाकाऊ पानं पिशवीत घालून घरी नेते आणि डोळे मिटून वाचायचा प्रयत्न करते, हे तुला कधी सांगितलं नाही. तू मला नेहमी म्हणतोस, तू टिंबं बघतेस, वाचत नाहीस. खरं आहे ते. या छापखान्यात तुझ्याशिवाय टिंबं कळणारी मी एकटी, आणि मीसुद्धा दिवा आडवा धरून त्यांच्या सावल्यांवरून वाचते. बोटाने वाचायला गेले की तिसऱ्या अक्षरापर्यंत पहिलं विसरते. एक शब्द लागायला इतका वेळ जातो की तोवर आमटी करपते. आईने एकदा उशीखाली ती पानं बघितली आणि विचारलं, हे कसले खरखरीत कागद घेऊन झोपतेस? मी म्हटलं, कामाचे आहेत. आई म्हणाली, कामाचे असते तर टेबलावर असते. आईचं हे असं. दोन वाक्यांत माणसाचे कपडे उतरवते आणि पुन्हा निवडायला भाजी घेते.

काटेवाल्याचा कॉम्प्युटर इथे आणला, पुसला, कार्ड बसवलं, आणि पहिल्याच फटक्यात घोडं अडलं. सिस्टीम सुरूच होईना. खूप डोकं फोडल्यावर लक्षात आलं की कोणीतरी मध्ये हौसेने त्यात जास्तीची मेमरी घातली होती आणि ही जुनी सिस्टीम जास्त मेमरी बघितली की बावचळते. एक पट्टी काढून ठेवली, तर सुरळीत चालू. तुला हे सांगायला मी फोन हातात घेतला होता. तुला आवडलं असतं. जास्त आठवणी झाल्या की काम होत नाही, असं काहीतरी तू म्हणाला असतास आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला असतास. पण फोन केला नाही. केला असता तर तू तोच प्रश्न पुन्हा विचारशील अशी भीती वाटली, आणि विचारणार नाहीस अशीही.

मग काल. सिस्टीम चढवली, प्रोग्राम टाकला, मशीनने ठोके द्यायला सुरुवात केली आणि माझ्या जिवात जीव आला. तुझ्यासमोर पान ठेवलं. मागून-पुढून दोन्हीकडून छापलेलं, बाराखडीचं. दिव्याखाली मला ते देखणं दिसत होतं. तू बोट ठेवलंस आणि पहिल्याच ओळीत थांबलास. म्हणालास, दोन माणसं एकदम बोलताहेत. मागच्या पानाची टिंबं पुढच्या टिंबांमध्ये येऊन बसताहेत, अगदी केसाएवढी सरकून. मी तीन वेळा जुळवून बघितलं. दर वेळी तू दोन टिंबं उठवलीस. आणि मग तू जे केलंस ते तू आजवर कधी केलं नव्हतंस. चौथं पान मी पुढे केलं तर तू सळई खणात ठेवून दिलीस आणि म्हणालास, राहू दे. जाऊ दे आता. इतक्या हळू म्हणालास. भांडला असतास तर बरं झालं असतं. मला तुझ्याकडून दोन टिंबं मिळाली तर राग येतो, पण 'राहू दे' मिळालं तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आज सकाळी मी चहा ओतत होते आणि आई खिडकीच्या पडद्याचं माप घेत होती. टेप लावून मला मोठ्याने आकडे सांगत होती आणि ते आकडे काही केल्या जुळेनात. वर बघितलं तर आई टेप उलटी धरून बसलेली. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर, आणि ती एक टोक या बाजूने वाचत होती, दुसरं त्या बाजूने. मी चहाची किटली तशीच खाली ठेवली. जुनी सिस्टीम चढताना मध्येच एक पडदा येतो. तुम्ही कुठल्या देशात आहात, मापं कशात मोजता, तारीख कशी लिहिता, असलं काहीबाही विचारतो. कोणी वाचत नाही तो. आम्ही दुरुस्तीवाले सगळे तिथे डोळे झाकून एंटर मारतो, आणि मी तर घाईच. तो पडदा आधीच इंच निवडून बसलेला असतो. आणि टिंबांचा तो म्हातारा प्रोग्राम पहिल्यांदा येतानाच सिस्टीमला विचारून घेतो की इथे मापं कशात मोजतात, आणि ते आयुष्यभर धरून ठेवतो. मागच्या पानाने किती सरकायचं हे तो इंचात मोजत होता आणि कार्ड सेंटीमीटरमध्ये. सरकणं मुळातच इतकं बारीक की फरकही केसाएवढाच, तो तिथला. नंतर नुसतं माप बदलून उपयोग नाही, प्रोग्राम ऐकत नाही. काढून टाकायला गेले तर अर्धा निघतो आणि अर्धा चिकटून राहतो. म्हणून सगळं पुसून पहिल्यापासून. आई मागून ओरडत होती की निदान चहा तरी पिऊन जा. खिडकीचा पडदाही तसाच राहिला. परत गेल्यावर त्याचं ऐकायला लागेल.

आज तो पडदा आला तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. माप बदललं आणि मगच एंटर दाबलं. तू असतास तर मला ओळखलं नसतंस.

आता सिस्टीम उभी राहिली आहे. नवीन वस्तू सापडली म्हणून आनंदाने सांगतेय, जणू काही ते कार्ड तिनेच शोधून काढलं. कार्डाच्या प्रोग्रामची फ्लॉपी टाकली आहे. ती आतून करकरतेय. या फ्लॉपीची दुसरी प्रत नाही, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. इथे पेन्सिल खाली ठेवते.

घेतलं. यादीत कार्डाच्या नावापुढे पिवळं प्रश्नचिन्ह असायचं, ते गेलं. मी मोठ्याने काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, आणि रिकाम्या खोलीत माझाच आवाज ऐकून दचकले. मग बाराखडीच्या चार ओळी मागून-पुढून काढल्या. दिवा आडवा धरून बघितलं, छान दिसल्या. पण कालही छानच दिसत होत्या, माझ्या डोळ्यांच्या साक्षीला आता काय किंमत आहे? म्हणून दिवा बंद केला, डोळे मिटले आणि तुझ्या खुर्चीवर बसून बोट ठेवलं. बराच वेळ काहीच कळेना. मग क लागला. मग का. सावकाश, एकामागून एक. मध्ये दुसरं कोणी बोलत नव्हतं. तुझ्या टेबलाची कड तुझ्या मनगटाच्या जागी गुळगुळीत झाली आहे, ते मला आजवर डोळ्यांनी कधी दिसलं नव्हतं. मी तिथे माझं मनगट टेकवून बघितलं. मला रडू आलं, ते मशीन चालू झालं म्हणून आलं असं मी काकूंना सांगेन. तुला तसं सांगणार नाही.

तर आता कारण. चाचणीला तुला माहीत नसलेलं काहीतरी हवं होतं, ज्यातलं पुढचं अक्षर काय येणार ते बोटाला आधीच कळणार नाही. हे ते. पेन्सिलीने लिहिलेलं सगळं मी आता बसून टाईप करणार, मागून-पुढून छापणार आणि उद्या सकाळी तुझ्या टेबलावर ठेवणार. काकूंकडे मूळ प्रत मागू नकोस, पेन्सिलीची पानं मी घरी नेतेय. इथवर तुझं बोट न अडखळता आलं असेल तर मशीन बरं झालं, टेम्पो परत पाठव आणि व्यवस्थापकांना सांग. पण तू विचारलं होतंस ते मशीनबद्दल नव्हतं, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. उत्तर असं की आले असते. तू उद्या त्या लोकांना नाही म्हणावंस असं मला फार वाटतं, आणि हो म्हणालास तरी माझं उत्तर बदलत नाही. त्या छापखान्यात सगळं नवं आहे, नवं मशीन, नवी सिस्टीम, तिथे माझ्या हाताला काडीचं काम नाही. तिथेही येईन. तू मला हवा आहेस, मशीन असो की नसो. शेवटच्या पानावर उजव्या कोपऱ्यात जागा कोरी सोडली आहे, सळई वरच्याच खणात आहे. एक टिंब, नाहीतर दोन. दोन उठवलीस तर मी पुन्हा पहिल्यापासून लिहीन, पुन्हा पहिल्यापासून करायची मला सवय आहे. तुझ्या पद्धतीत नकाराची खूणच नाही, हे माझ्या आज लक्षात आलं. तो द्यायचा असेल तर उठून बाहेर यावं लागेल आणि तोंडाने सांगावं लागेल. मी दाराबाहेरच आहे, खांद्यावर केबल घेऊन. या वेळी कुठेही जाणार नाही. सावकाश वाच.

तुझीच,
घाई